सुपर मारिओ ऑल-स्टार्सचा सेव्ह टिकत नाही? सेलला हात लावण्याआधी हे वाचा

"काल मारिओ थ्रीमध्ये पाचव्या वर्ल्डपर्यंत गेलो, सेव्ह केलं, आज चालू केलं तर चारही फाइली कोऱ्या." वर्षभरात हा प्रश्न मला कितीतरी जण विचारतात. कुणाच्या काकांनी अमेरिकेहून आणलेली ही व्हिडिओ गेमची कॅसेट माळ्यावरच्या पेटीत सापडलेली असते, कुणी तिकडेच राहतं आणि शेजाऱ्याच्या गराज सेलमधून उचलून आणलेली असते. बहुतेक ठिकाणी उत्तर एका वाक्यात मिळतं: सेल गेलाय, बदलून टाक.

पुष्कळ वेळा ते खरंही असतं. पण सेल ठणठणीत असताना उपटलेला, त्या झटापटीत बोर्डावरचं तांब्याचं पॅड निघून आलेलं, आणि मूळ दोष मात्र जिथल्या तिथे, अशा कॅसेटीही माझ्याकडे आल्या आहेत. म्हणून आधी दोष कुठे आहे ते ओळखायचं आणि मगच इस्त्री तापवायची. (आमच्याकडे सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात, त्यामुळे पुढे तोच शब्द येईल.)

ही कॅसेट हाताळताना एवढी काळजी का घ्यायची, तेही सांगतो. ऑल-स्टार्स जपानात जुलै १९९३ मध्ये आली, अमेरिकेत ऑगस्टमध्ये आणि युरोपात त्याच वर्षाच्या डिसेंबरात. सुपर निन्टेंडो या कन्सोलसाठी चार जुने मारिओ गेम एकाच कॅसेटमध्ये, नव्याने रंगवून, नव्या आवाजासह: पहिला सुपर मारिओ ब्रदर्स, जपानबाहेर तोवर न निघालेला लॉस्ट लेव्हल्स, मारिओ टू आणि मारिओ थ्री. चित्रं सुधारली, पार्श्वभूमीला खोली आली, हे सगळं खरंच. पण माझ्या लेखी या संग्रहाची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे सेव्ह. मूळ ८-बिटवर मारिओ थ्री संपवायचा तर एका बैठकीत, नाहीतर शिट्ट्या वापरून मधले वर्ल्ड गाळत. ऑल-स्टार्सने प्रत्येक गेमला चार फाइली दिल्या. शाळा, क्लास, जेवण सांभाळून महिनाभर खेळता येऊ लागलं. आपल्याकडच्या ८-बिट नकली कन्सोलांवर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या 'अमुक-इन-वन' कॅसेटींमध्ये लाइट गेली की पुन्हा एक-एकपासून सुरुवात.

आणि ही सगळी आठवण जिच्यात राहते ती चिप आहे फक्त ८ किलोबाइटची. तिला जिवंत ठेवतो घड्याळात किंवा कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असतो तसा एक बटणसेल, सीआर २०३२. म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट.

आधी पाहा, हा दोष आहे की गेमचा नियमच तसा आहे

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पहिल्या सुपर मारिओत तुम्ही ५-३ वर (पाचव्या वर्ल्डची तिसरी लेव्हल) होतात, सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी गेमने ५-१ वरून सुरू केलं. सेल उत्तम आहे. या गेममध्ये वर्ल्डची सुरुवात लक्षात ठेवली जाते, मधली लेव्हल नाही. लॉस्ट लेव्हल्स मात्र लेव्हलही लक्षात ठेवतो, कारण तो इतका कठीण आहे की वर्ल्डच्या सुरुवातीला परत पाठवणं म्हणजे शिक्षाच झाली असती. एकाच कॅसेटमध्ये दोन गेम दोन तऱ्हांनी वागतात, म्हणून लोक गोंधळतात. "एका गेमचा सेव्ह टिकतो, दुसऱ्याचा अर्धवट टिकतो" असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो.

दुसरं म्हणजे सेव्ह आपोआप होत नाही. पडद्यावर सेव्हचा पर्याय येतो तो निवडावा लागतो. खेळताखेळता थेट बटण बंद केलं तर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. नव्या कन्सोलांच्या सवयीची मुलं इथे हटकून फसतात. माझ्या भाच्याने तीन दिवस "कॅसेट खराब आहे" म्हणून हट्ट धरला होता. त्याने एकदाही सेव्ह केलेलं नव्हतं. आपोआप सेव्ह न होणारा गेम त्याने आयुष्यात पाहिलाच नव्हता, त्याला दोष कसा द्यायचा?

कॅसेट न उघडता करायची चाचणी

कुठल्याही गेममध्ये एक फाइल सुरू करा, पुढे जा, सेव्ह करा. आता कन्सोल बंद करू नका, फक्त रीसेट दाबा. फाइल दिसली का?

रीसेटनंतरही फाइल नसेल तर सेलचा यात संबंध नाही. कन्सोल चालू असताना त्या मेमरी चिपला वीज कन्सोलकडून मिळत असते, सेल तेव्हा आराम करत असतो. चालू वीज असतानाही लिहिलेलं टिकत नाही, म्हणजे लिहिणंच पोचत नाहीये: कॅसेटचे संपर्क मळलेत, एखाद्या पायाचा सोल्डर सुटलाय, किंवा चिपच गेली.

रीसेटनंतर फाइल दिसली तर आता कन्सोल बंद करा, कॅसेट बाहेर काढा आणि रात्रभर कपाटात ठेवून द्या. दहा सेकंदांनी परत लावून "सेव्ह आहे की!" म्हणू नका. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर ही चिप मेलेल्या सेलनेही थोडा वेळ तग धरते. मीही सुरुवातीला या दहा सेकंदांच्या चाचणीवर विसंबून एक कॅसेट 'बरी झाली' म्हणून परत दिली होती आणि ती आठवड्यात पुन्हा माझ्या दारात आली. रात्रभर ठेवून सकाळी फाइल गेलेली असेल, तर सेल किंवा सेलपासून चिपपर्यंतची वाट, यांपैकी काहीतरी बिघडलंय.

आणि कधी राहतो, कधी जातो अशी तऱ्हा असेल, तर घाई मुळीच करू नका. हाच प्रकार सगळ्यात फसवा, त्यावर पुढे येतो.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो. गेम सुरूच होत नाही, पडदा काळा राहतो किंवा चित्रात चौकोन-चौकोन दिसतात, तर सेलचा विचार मनातून काढून टाका. सेल पूर्ण मेलेला असला, अगदी नसला, तरी ऑल-स्टार्स खेळायला काहीच अडत नाही. फक्त आठवण राहत नाही.

संपर्क साफ करणे

कॅसेटच्या तोंडाशी सोनेरी पट्ट्या असतात. सुपर निन्टेंडोच्या खाचेत ६२ पट्ट्यांची जागा आहे, पण ऑल-स्टार्ससारख्या साध्या कॅसेटीत फक्त मधल्या ४६ असतात. दोन्ही टोकांच्या जागा रिकाम्या दिसल्या तर "पट्ट्या गळून पडल्या" असं समजू नका. त्या जास्तीच्या पट्ट्या आतमध्ये वेगळी चिप असलेल्या गेमांसाठी असतात.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के, आणि कापसाच्या काड्या. काडी नुसती ओली हवी, निथळणारी नको. घासायचं पट्टीच्या लांबीच्या दिशेने. पहिली काडी काळी होईल, दुसरी करडी. चौथी-पाचवी पांढरी राहिली की थांबा. दहा मिनिटं वाळू द्या.

फुंकर मारू नका. लहानपणी आपण सगळ्यांनी ती मारली आणि गेम चालूही झाले. पण चालू झाले ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पट्ट्या जरा सरकून नवी जागा सापडल्यामुळे. तोंडातला दमटपणा मात्र आत राहतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते, त्याच जातीचा प्रकार इथे होतो: सोनेरी मुलामा जिथे झिजलाय तिथे खालचं तांबं हिरवट पडतं. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर नुसत्या हवेनेच हे होतं, त्यात आपल्या श्वासाची भर कशाला?

उघडायचं ठरलं तर

कॅसेटचे दोन स्क्रू नेहमीच्या पेचकसाने उघडत नाहीत. ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास पेचकस लागतो. कन्सोलचे स्क्रू ४.५ चे असतात, दोन्ही मापं एकत्र मिळतात तीच जोडी घ्या. वितळवलेल्या पेनाच्या टोपणाने स्क्रू फिरवण्याची युक्ती सांगणारे भेटतील. होते ती, पण स्क्रूच्या डोक्यात प्लॅस्टिक अडकून राहतं आणि पुढच्या वेळी खरा गेमबिटसुद्धा बसत नाही. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे हे सगळं सामान एका फेरीत मिळतं.

आत एक छोटा हिरवा बोर्ड. त्यावर मोठी चिप गेमची, लहान २८ पायांची मेमरी, आणि कोपऱ्यात सेल, दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेला. आधी मोबाइलवर फोटो काढा, अधिक-उणे दिसेल असा. मग मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून सेल मोजा. ३ किंवा त्याहून जरा वर असेल तर सेल चांगला. २.५ च्या खाली गेला असेल तर दिवस भरलेत. अशा मेमरी चिपांना आठवण धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट लागतात, त्याखाली सगळं पुसलं जातं.

इथेच थांबू नका. दुसरं माप याहून महत्त्वाचं आहे आणि ते कुणीच घेत नाही. मेमरी चिपच्या १४ आणि २८ नंबरच्या पायांमध्ये व्होल्टेज मोजा. चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. खाच वर धरली की डावीकडचा सगळ्यात वरचा पाय पहिला, डावीकडचा सगळ्यात खालचा १४, आणि उजवीकडचा सगळ्यात वरचा २८. चौदा म्हणजे उणे, अठ्ठावीस म्हणजे अधिक. सेलवर ३ व्होल्ट आहेत आणि इथे त्याहून थोडंसंच कमी दिसतंय, तर वाट मोकळी आहे. सेलवर ३ आणि इथे शून्याच्या आसपास, तर तुम्ही दहा नवे सेल लावलेत तरी सेव्ह टिकणार नाही. मधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), बॅकअपची छोटी चिप (कन्सोल बंद झाला की मेमरीला सेलवर नेणारी) किंवा तांब्याची रेघ कुठेतरी तुटली आहे.

मागे एक कॅसेट आली होती, तिचा सेल आधीच्या मालकाने दोनदा बदललेला. तरी सेव्ह नाही. सेलवर ३.१८, चिपवर ०.०४. भिंगाखाली बोर्ड धरला तर सेलच्या अधिक बाजूच्या पॅडपासून निघालेली रेघ, केसाएवढी, पॅडच्या कडेलाच तुटलेली. पहिल्यांदा सेल काढताना जोरात ओढल्याची ती खूण. एका बारीक वायरचा तुकडा लावला, चिपवर २.९ आले. तो दुसऱ्यांदा बदललेला सेल बिचारा पहिल्या दिवसापासून निर्दोष होता.

सेव्ह अजून शिल्लक असेल तर आधी तो वाचवा

हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

आमच्याकडे ऑल-स्टार्स १९९४ साली आली, मामाने न्यू जर्सीहून आणली, कन्सोलसकट. २३० व्होल्टवरून ११० करणारा जड ट्रान्सफॉर्मर, आणि घरचा टीव्ही पाल पद्धतीचा, अमेरिकी कन्सोलच्या रंगांशी न जुळणारा, असल्याने चित्र कृष्णधवल. पहिले सात-आठ महिने मला मारिओची टोपी लाल असते हे माहीतच नव्हतं. लॉस्ट लेव्हल्स माझ्या ताईचा. मी एक-दोनच्या पुढे जायचो नाही, ती मात्र वही घेऊन बसायची, कुठल्या नळीतून गेलं की मागे फेकलं जातं ते लिहून ठेवायची. बारावीच्या वर्षी तिने तो संपवला. तिची फाइल आम्ही कुणी कधी पुसली नाही. ती लग्न होऊन गेल्यावरही दिवाळीला आली की एकदा कॅसेट लावून बघायची, आहे ना म्हणून.

२०१६ च्या दिवाळीत लावली, तर कोरी. मी तेव्हा हे सगळं शिकलेलो नव्हतो. आदल्या वर्षी कुणी मला मीटर लावायला सांगितलं असतं तर सेल २.३-२.४ वर आलेला दिसला असता आणि ती फाइल आज असती. एकदा गेली की कुठल्याही उपायाने ती परत आणता येत नाही. त्या ८ किलोबाइटची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

म्हणून तुमच्या कॅसेटवर अजून कुणाची फाइल असेल तर सेल बदलण्याआधी तिची प्रत काढा. कॅसेट वाचून यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारी उपकरणं मिळतात. त्यातून सेव्हची फाइल निघते, बरोबर ८१९२ बाइटची. सेल बदलल्यावर तीच फाइल परत कॅसेटवर लिहिता येते. शहरात कुणा एकाकडे असं उपकरण असलं की सगळ्यांचं भागतं. माझ्याकडे आहे, आणि कुणाच्या आईबाबांची, भावंडांची फाइल असेल तर मी ते काम मोबदला न घेता करतो.

उपकरण नसेल तर दुसरा मार्ग आहे, जरा जोखमीचा. दोन नवे पेन्सिल सेल एकापुढे एक लावून साधारण ३.२ व्होल्ट करा. त्यांची अधिक वायर १ किलोओमच्या रेझिस्टरमधून जुन्या सेलच्या अधिक पॅडला जोडा, उणे उण्याला. आता चिपला बाहेरून वीज मिळतेय, जुना सेल काढून नवा लावता येईल. रेझिस्टर विसरायचा नाही: जुन्या सेलमध्ये उलटा प्रवाह घुसायला आणि चुकून शॉर्ट झालं तर मोठा प्रवाह वाहायला तो अटकाव करतो. इस्त्री तापली की प्लग काढून घ्या आणि मगच टोक बोर्डाला लावा. आपल्या जुन्या घरांमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो पण त्यामागे अर्थिंग असेलच असं नाही, आणि इस्त्रीच्या टोकातून झिरपणारी एवढीशी वीजसुद्धा ८ किलोबाइट पुसायला पुरते.

सेल बदलणे

पट्ट्या लावलेला सीआर २०३२ मागा. दुकानदार साधा सेल देऊन "वरून डाग मारा" म्हणतो, तेव्हा घेऊ नका. आमच्याच कॅसेटचा पहिला सेल मी एका दुरुस्तीच्या दुकानात बदलून घेतला. तिथल्या माणसाने सेलच्या पाठीवर थेट सोल्डर लावला. चार महिन्यांत तो सेल बसला. लिथियमचा सेल तापवला की आतलं सील बिघडतं आणि तो आटतो. फार तापवला तर फुटतोही, आणि तुमचा चेहरा त्यावर वाकलेला असतो. पट्ट्या कारखान्यात वेल्ड केलेल्या असतात, आपण इस्त्री फक्त पट्टीच्या टोकाला लावायची.

चार्ज होणारा एलआयआर २०३२ चुकूनही लावू नका. दिसायला तोच, पण भरला की ४ व्होल्टच्या वर जातो आणि कॅसेट त्याला चार्ज करत नाही, त्यामुळे काही दिवसांत रिकामा होतो तो वेगळाच. चिकटपट्टीने सेल दाबून बसवण्याचा उपायही सोडून द्या. "कधी राहतो, कधी जातो" या तक्रारीमागे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली गोष्ट म्हणजे चिकटपट्टी. उन्हाळ्यात गोंद सुटतो, सेल अर्धा मिलिमीटर हलतो, कॅसेट कन्सोलमध्ये घालताना बसलेल्या धक्क्याने क्षणभर संपर्क तुटतो. क्षणभर पुरेसा आहे.

सेलचा होल्डर लावायची कल्पना चांगली आहे, पुढच्या वेळी इस्त्रीच लागत नाही. पण आधी रिकाम्या शेलमध्ये (कॅसेटच्या बाहेरच्या प्लॅस्टिकमध्ये) बसवून बघा. उंच होल्डरवर शेल दाबून बंद केला तर बोर्ड वाकतो.

जुना सोल्डर काढताना फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा चिकट पदार्थ) लावा, थोडा ताजा सोल्डर मिसळा आणि मग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) किंवा पंपाने ओढा. तीस वर्षांचा सोल्डर एकटा नीट वितळत नाही आणि लोक वैतागून सेल उपटतात. पट्टी आपणहून सैल झाली पाहिजे. ओढायची वेळ आली तर सोल्डर अजून शिल्लक आहे असं समजा. नवा सेल लावताना फोटोशी अधिक-उणे पडताळा, जोड झाल्यावर फ्लक्स अल्कोहोलने पुसून काढा आणि शेल लावण्याआधी ती दोन्ही मापं परत घ्या.

सेल बदलताना बाहेरून वीज दिली नसेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर फाइली रिकाम्या दिसतील. ते ठीक आहे. सेव्ह करा, बंद करा, कॅसेट काढा, रात्रभर ठेवा.

नवा सेल सहा महिन्यांत संपतो

सीआर २०३२ मध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. निरोगी कॅसेट कपाटात पडून असताना १ मायक्रोअँपिअरच्या आसपास खाते. भागाकार केला तर २,२०,००० तास, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षं. १९९३-९४ च्या कॅसेटी गेल्या आठ-दहा वर्षांत एकामागून एक का विसरू लागल्या याचं उत्तर या भागाकारात आहे.

आता सेल सहा महिन्यांत संपत असेल तर उलटा हिशोब करा: सुमारे ४,३०० तासांत २२० मिलिअँपिअर-तास गेले, म्हणजे ५० मायक्रोअँपिअर कुठेतरी गळताहेत. मोजायचं असेल तर सेलच्या एका वाटेत १० किलोओमचा रेझिस्टर तात्पुरता घाला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजा. १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. दोनशे-तीनशे मिलिव्होल्ट दिसले तर गळती आहे. सगळ्यात आधी बोर्ड अल्कोहोलने नीट धुवा, पायांच्या मध्ये राहिलेला फ्लक्स आणि दमट धूळ वीज वाहून नेते. माझ्याकडे आलेल्या दोन कॅसेटी नुसत्या धुण्याने सुधारल्या. तरी आकडा खाली येत नसेल तर बॅकअपची चिप किंवा मेमरी चिप बदलण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम सवयीच्या माणसाला द्या.

कॅसेट नकली असेल तर

ऑल-स्टार्सची मागणी कधी कमी झाली नाही, त्यामुळे नकला भरपूर. स्टिकर हुबेहूब असतं. उघडल्यावर मात्र बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं नसतं, सोल्डर हाताने केलेला दिसतो, कधी सेलच नसतो, कधी असतो पण त्याच्या वाटेत डायोडही नसतो. काही नकलांवर गेम सुरू होतानाच, नक्कल करणं हा गंभीर गुन्हा आहे असा इशारा पडद्यावर येऊन सगळं तिथेच थांबतं. तो व्हायरस नाही. गेम स्वतःच सेव्हच्या मेमरीचा आकार तपासतो आणि हिशोब जुळला नाही की पुढे जात नाही. अशी कॅसेट दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, विकणाऱ्याला परत करा.

बंद करण्याची सवय

सेव्ह करून सुरुवातीच्या पडद्यावर या, मग बटण बंद करा, मग कॅसेट काढा. ८-बिट निन्टेंडोवर काही गेम बंद करताना रीसेट दाबून धरा असं सांगायचे, सुपर निन्टेंडोला त्याची गरज नाही. पण सेव्ह लिहिला जात असतानाच वीज गेली तर फाइल बिघडू शकते आणि मग सेल नवा असूनही ती कोरी दिसते. लोडशेडिंगच्या गावात असाल तर कन्सोल इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. एकच फाइल एकदाच गेली, आणि ती लाइट गेली त्याच दिवशी, तर कॅसेट उघडूच नका.

नुसते गेम खेळायचे असतील, कॅसेटचा आग्रह नसेल, तर हाच संग्रह सप्टेंबर २०२० पासून निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलच्या ऑनलाइन सदस्यत्वात आहे. तिथे सेलची काळजी नाही.

शेल बंद करण्याआधी आत एक चिठ्ठी ठेवा: सेल लावल्याची तारीख, सेलवरचं व्होल्टेज, चिपवरचं व्होल्टेज. आमच्या कॅसेटमधल्या चिठ्ठीवर लिहिलंय: मे २०१७, ३.२१, २.९८. गेल्या दिवाळीत ताईसमोर उघडून मोजली, ३.१६ भरले. चिठ्ठीवर तिने खाली ती ओळ स्वतःच्या हाताने वाढवली, स्क्रू लावले, आणि लॉस्ट लेव्हल्सची नवी फाइल पुढे सुरू केली. ती सध्या ६-२ वर आहे.